एक प्रिंट, दोन टॉकीज

पिक्चर इंग्रजीच होता,
पण बंदुकीला कुठली भाषा लागते.
शिवाय पुढच्या रांगेतले तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी
एकाच वेळी एकमेकांना समजावून सांगायचे
आणि चौघांचे चार पिक्चर व्हायचे.

फार गरीब पिक्चर होता तो.
घोडे मोजून पाच.
तेच दरोडेखोरांखाली, तेच शेरीफच्या माणसांखाली;
पुढच्या पायावर पांढरा डाग असलेला तर
स्वतःचाच पाठलाग करायचा.
दारूच्या गुत्त्याची भिंत
दार आपटलं की हलायची.
निवडुंग मात्र खरे वाटायचे,
तसले आमच्या होटगी रोडलाही होते.

माझं काम सायकलचं.
लष्करातल्या टॉकीजमध्ये रीळ संपलं
की डब्यात घालून साखर पेठेत पोचवायचं,
तिथलं आधीचं संपायच्या आत.

लच्चय्याही रीळवालाच. दोऱ्याची रिळं.
यंत्रमागाच्या शेडमध्ये आठ तास,
त्याआधी रंगखात्यात, म्हणून हात मनगटापर्यंत निळे,
आणि त्याच्याही आधी
नुसतं त्याचं नाव घेऊन लोक उधारी वसूल करायचे.
सात वर्षं येरवड्याला होता.
सुटून आल्यावर सुरा कंबर तलावात टाकला म्हणतात.
मी विचारलं, तर म्हणाला,
"टाकतोय कशाला. मटणवाल्याला विकला.
चांगलं पोलाद होतं."

रोज मॅटिनी, तिसरी रांग, खांबाजवळची खुर्ची.
पिक्चरमधला तो माणूस
पिस्तुलाचा पट्टा खुंटीला टांगायचा
आणि कुण्या विधवेच्या शेताला कुंपण ठोकायचा.
खिळा सोडून हातोडी अंगठ्यावर बसायची.
लोक हसायचे.
लच्चय्या स्वतःचा अंगठा मुठीत दाबून धरायचा.

त्या गुरुवारी कन्ना चौकात सायकल पंक्चर झाली.
मला कुणी विचारलेलं नाही, मीच सांगतोय.
शेवटचं रीळ खांद्यावर घेऊन मी पळत होतो
आणि तिकडे पडदा पांढरा,
शिट्ट्या, मग दिवे.
उजेडात रेवणला तो दिसला.

रेवणच्या थोरल्या भावाचा डावा हात चालत नाही.
कशामुळे, ते अख्ख्या पेठेला माहीत.
"ऊठ की बे. काढ."
विशीचं पोरगं, मिसरूड नुकतं फुटलेलं,
पाय फाकवून उभं होतं, हुबेहूब पडद्यावरच्यासारखं.
लच्चय्या उठला. दोन्ही निळे हात वर केले.
म्हणाला, "वद्दु."
तेलुगूत नको म्हणायला एवढंच लागतं.

एक वार कानावर बसला.
हात वरच.
रेवण थांबला. पुढे काय, ते त्याला सुचेना.
समोरच्याने हात खाली घेतलेच नाहीत तर काय करायचं
हे त्या पिक्चरने शिकवलं नव्हतं.
बाहेर पडताना तो माझ्या डब्याला धडकला,
आणि सॉरी म्हणाला.

मग दिवे गेले.
लच्चय्या कानाला रुमाल लावून बसून राहिला.
पडद्यावर त्या माणसाने खुंटीवरचा पट्टा काढला.
पाच घोडे, अकरा मुडदे.
ज्याला खिळा ठोकता येत नव्हता
त्याचा एकही नेम चुकला नाही.
लोकांनी चिल्लर उधळली.

बाहेर गाड्यावर शेंगा घेताना
लच्चय्या दुसरीकडेच बघत म्हणाला,
"उद्या पण पंक्चर कर की."

केली.
कन्ना चौकातच, बाभळीचा काटा घुसवून.
पाऊण तास बसलो, दोन चहा प्यालो.
तिकडे पब्लिकने सात खुर्च्या मोडल्या,
मालकाने माझ्या पगारातून एकवीस रुपये कापले.
लच्चय्या आला होता का, ते मी विचारलं नाही.
डोअरकीपर आपणहून म्हणाला,
खांबाजवळची तेवढी शाबूत आहे.